कॅज्युअलच्या शेजारचे शब्द

३ फेब्रुवारी, बोईसर
शाळकरी इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं माझं काम सी अक्षरावर आलं. आज कॅज्युअल. अर्थ क्रमाने: सहज, बेफिकीर, रोजंदारीवरचा.
धाकट्याने, सुधीरने, जेवताना वाचलं. "दादा, आम्ही इथंही तिसऱ्या नंबरला?" त्याची बायको वंदना हसली. मीही.

५ फेब्रुवारी
केमिकल कारखान्यात लागून सुधीरला इतके महिने झाले, ठेकेदाराने पास काढलेला नाही. कुणी दांडी मारली की त्याच्या पासवर आत जायचं. गेटवर फोटो कोण बघतो. उद्या प्रकाशचा पास. प्रकाश मासेमारीला गेलाय.
"पकडलं तर?"
"सगळेच जातात, दादा."

६ फेब्रुवारी
टाकी फुटली. सुधीर भाजला. गळा, छाती, दोन्ही हात. शुद्ध नाही. मुंबईला हलवण्यासारखा नाही म्हणतात. दवाखान्यात खाटेच्या पाटीवर नाव प्रकाशचं.

७ फेब्रुवारी
खरा प्रकाश आला. आत येईना. "माज्या आयशीला फोन, तुजा पोरगा भाजला. मी दर्यावरनं येऊन तिच्या समोर जेवत बसलेलो." हसायला गेला, तोंडावर रुमाल धरला.
मागोमाग ठेकेदाराचा मुकादम. "खर्च आमी करतो, पन प्रकाशचा. सुधीर नावाचा मानूस गेटातून आत गेलाच नाय. खरं नाव सांगायचं असंल तर उचला त्याला इथून."
कुठे उचलून नेणार. वंदना माझ्याकडे बघत राहिली. मी बरं म्हणालो.

८ फेब्रुवारी
आंघोळीला घरी. कोशवाल्यांचा फोन, पानं कधी. बसलो.
कॅज्युअल्टी: अपघातात मेलेला किंवा जखमी झालेला. इंग्रजीला दोघे एकाच शब्दात चालतात. माझं ‘किंवा’वर अडलं.
पुढे कॉज. कारण. मग कॉस्टिक: दाहक, कातडी जाळणारा. टाकीत तेच होतं. कॉशन, सावधगिरी, राहिला. वही मिटली.

९ फेब्रुवारी
वंदना आता प्रकाशची बायको. काचेतून बघायची परवानगी तेवढ्यावर आहे.
नर्स: "ताई, मिस्टरांचं वय किती?"
वंदना माझ्याकडे बघते. प्रकाशचं वय आम्हाला कुठे ठाऊक. अंदाजाने सांगितलं.
मुकादम सगळ्यांना चहा आणतो. वंदना घेत नाही. मी घेतला.

१० फेब्रुवारी
गुंगीचं औषध बंद केलं. आता शुद्धीवर यायला हवा, डॉक्टर म्हणाले.
नर्स कानाशी वाकली. "प्रकाश. प्रकाश, डोळे उघडा." काही नाही. मग डॉक्टर, मोठ्याने. काही नाही. हाकेला ओ नाही, लिहून घ्या म्हणाले. मला बाजूला घेतलं. मेंदूला इजा असेल. असंच राहिलं तर फार आशा धरू नका.
वंदना काचेला चिकटून. "भाऊजी, ते ओ कसे देतील?"
मुकादम दारात, मोबाईलमध्ये.
न विचारता आत गेलो. वाकलो. सुधीर म्हणालो. मग जरा मोठ्याने. सुध्या.
पापणी हलली. ओठही.
नर्सने मान वर केली. "सुध्या कोण?"
मुकादमाने मोबाईल खिशात घातला.
सांगतो म्हणून बाहेर आलो. बाकावर बसून हे लिहितोय. नर्स दारात थांबली आहे. तिच्या शेजारी मुकादम. आतून कण्हल्याचा आवाज