आरशातला बाप

चिमे,

आज घाटात मी तुझ्यामागून माझी मोटारसायकल घेऊन येत होतो, ते तुझी राखण करायला. तिसऱ्या वळणावर तू वळणाच्या टोकाकडे बघायचं सोडून आरशात पाहिलंस. म्हातारा येतोय की पडला, हेच ना? तेवढ्यात तुझी गाडी मधली पांढरी रेघ ओलांडून पलीकडे गेली आणि समोरून ट्रक आला. तू ती आत कशी घेतलीस, देव जाणे.

वर पोचल्यावर हेल्मेट काढत तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही फार मागे राहता. सारखं बघावं लागतं मला."

मी तुझ्यावरच खेकसलो. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते, हे मीच तुला शिकवलं होतं. आणि तू माझ्याकडे बघत होतीस.

पुढच्या रविवारी मी येणार नाही. कंबर धरलीये, असं सांगेन. खरं कारण कळलं तर वळणावळणाला तुझ्या डोक्यात मीच असेन, म्हणून हे पत्र तुला देत नाही.

रविवारी तुझ्या आरशात नसलेला,
बाबा