वरचा डावा सुळा

ता. ११ नोव्हेंबर

चि. लिंबूटिंबूस,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशीला टेकलास तरी मी तुला याच नावानं हाक मारते म्हणून तुझी मास्तरीण हसते. हसू दे. दिवसभर साठ पोरांना गप्प बसवणाऱ्या बाईला, नवऱ्याला कुणीतरी लहान म्हणतंय याची मजा वाटणारच.

उद्या माझ्या मणक्याचं ऑपरेशन. नंतर तीन महिने वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तळमजल्याच्या शेजारीणबाईंनी त्यांची पुढची खोली देऊ केली आहे. बाई देवमाणूस आहेत, फक्त रेडिओ फार मोठा लावतात.

काल बोळकीला तुझ्याकडे सोडून निघाले तेव्हा तू तिला उचलून तळ्याकडे घेऊन गेलास, ती माझ्या मागे धावू नये म्हणून. बरं केलंस. मी गाडीत बसून रडले आणि ड्रायव्हरला सर्दी झाली म्हणून सांगितलं. जुलैत आमच्या लॅबमागच्या गटारात सापडली तेव्हा मूठभर होती, दुधाचे दात पडत होते, म्हणून बोळकी. दिवसभर कवळ्या बनवणारीच्या नशिबी कुत्रंही बोळकंच, असं आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले होते.

लक्षात ठेव, वाहत्या पाण्याचा आवाज आला की ती थरथरते, गटारात राहिली आहे ना. तळं गप्प असतं, ते चालेल. जेवणाची ताटली आधी पालथी करते आणि मग जमिनीवरून खाते, त्यावरून ओरडू नकोस. दिसेल ते चावते. पाहुण्यांसाठी उभारलेले तुझे तंबू जप.

तुझ्या त्या रानात फोन लागत नाही, तेव्हा पत्र लिही, आळस करू नकोस. मला ऑपरेशनची भीती नाही. तिनं मला विसरू नये, एवढीच धास्ती आहे. फेब्रुवारीत मी येईन. कडेचा तंबू मला ठेव, त्यात ती आणि मी आठ दिवस राहणार आहोत.

मास्तरणीला आशीर्वाद. माझ्यावर आहे तेवढीच माया माझ्या पोरीवरही ठेव.

ताई

ता. २६ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन छान झाल्याचं शेजारीणबाईंच्या पत्रातून कळलं आणि जीव भांड्यात पडला. आता डॉक्टर सांगतील तसं वाग. तू कुणाचं ऐकत नाहीस हे त्यांना अजून माहीत नसेल.

बोळकी मजेत आहे. पहाटे माझ्याबरोबर तळ्यावर येते. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा असतो, त्याच्याकडे बघून ती दहा मिनिटं भुंकते. बगळा ढिम्म हलत नाही. मग तीच लाजून शेपूट घालून परत येते. मोठ्या झाडावरच्या खारीशी तिचं हाडवैर आहे. खार वरून साली टाकते, ही खालून शिव्या देते.

गेल्या शनिवारी पाहुण्यांच्या एका तंबूत शिरली आणि एका जाड्या गृहस्थांच्या पांघरुणात झोपली. मला वाटलं, आता तक्रार येणार. सकाळी गृहस्थ म्हणाले की माझ्या घोरण्याला नावं न ठेवता शेजारी झोपलेला हा आयुष्यातला पहिलाच जीव.

तुझं नाव घेतलं की कान टवकारते. विसरण्याचं नावच काढू नकोस. मास्तरीण नमस्कार सांगते. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा
लिंबूटिंबू

ता. ९ डिसेंबर

चि. लिंबूटिंबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. घोरणाऱ्या गृहस्थांवर तर एवढी हसले की पाठीतले टाके ओढले आणि शेजारीणबाई रेडिओ बंद करून धावत आल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी येते, तिलाही दाखवलं. आता ती आल्या आल्या विचारते, बगळा हलला का.

तुला म्हणून सांगते, दिवस वाईट आहेत. अंथरुणातून उठताना अशी कळ येते की नको तो जीव वाटतो. मग मनाशी म्हणते, दाराबाहेर बोळकी उभी आहे, तिला आत घ्यायचंय. आणि उठते. काल दारापर्यंत वीस पावलं गेले, ती सगळी तिच्या नावावर.

एक मागणं आहे. तिनं चावलेलं काहीतरी पाठव. चप्पल, काठी, काहीही चालेल. म्हातारपणी डोकं फिरलं म्हण हवं तर. बाकी आनंद. तिच्या डोक्यावरून माझा म्हणून एक हात फिरव.

ताई

ता. १८ डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत तंबूची लाकडी खुंटी पाठवतो आहे. बोळकीनं दुपारभर बसून हिची ही दशा केली. मी जाब विचारला तर तिनं तोंड फिरवलं. अगदी तुझ्यासारखं.

सध्या पाहुण्यांची गर्दी आहे, म्हणून चार ओळींवरच आटपतो. वीस पावलांचं वाचून फार बरं वाटलं. असाच लोभ पाठीशी असू दे.

तुझा
लिंबूटिंबू

ता. ३ जानेवारी

धाकट्यास,
आशीर्वाद.

खुंटी मिळाली. आधी छातीशी धरली. मग धंद्याची खोड, चष्मा लावला. लोकांच्या तोंडात काय बसेल याचा विचार करण्यात माझी तीस वर्षं गेली. कुणी अर्धं खाऊन ठेवलेलं सफरचंद दिसलं तरी मी आधी त्याचे दात वाचते.

खुंटीवर वरच्या दोन्ही सुळ्यांच्या खुणा आहेत, दोन्ही सारख्याच खोल. बोळकीला वरचा डावा सुळा नाही. जिन्याचा लोखंडी कठडा चावताना तो तुटला, आणि तुझ्याकडे आणण्याच्या आठ दिवस आधी प्राण्यांच्या डॉक्टरांनी उरलेला मुळापासून काढला. तुला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. पण ती ज्याच्याकडे दोन महिने आहे, ज्याच्या पांघरुणाशी खेळते, ज्याच्याकडे बघून जांभया देते, त्याला हे सांगावं कशाला लागतं?

तरी माझीच चूक नको म्हणून खात्री केली. सुळा काढला त्याच वेळी, ती गुंगीत असतानाच, मी हौसेनं तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा करून ठेवला होता. शेजारीणबाईंकडून तो लॅबमधून मागवला. खुंटीवरच्या खुणांवर मेण दाबून ठसा घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. हा जबडा रुंद आहे, दात वापरून झिजलेले आहेत. हा कुणातरी मोठ्या कुत्र्याचा जबडा आहे.

बोळकी मेली असेल तर तसं लिही. मी रडेन, पण तुला बोल लावणार नाही. मुके जीव आहेत, होतं असं. पण तू मला गोष्टी सांगत बसलास त्याचं काय करू? मी अंथरुणावर पडून तुझ्या शब्दांवर उठत होते रे. तो घोरणारा गृहस्थ तरी खरा होता का?

उत्तर येईपर्यंत झोप लागणार नाही.

ताई

ता. १० जानेवारी

ति. ताईंना,
सा. न. वि. वि.

यांनी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली, म्हणून मी लिहिते आहे. बोळकी जिवंत आहे, धडधाकट आहे. आधी हे वाचा आणि श्वास घ्या.

तुम्ही तिला सोडून गेल्यावर दहा दिवसांत तिनं दोन तंबू फाडले, एका पाहुण्यांचे बूट खाल्ले, आणि तुमच्या आठवणीनं सारखी रडायची. हे वैतागले होते. वीस नोव्हेंबरला एक जोडपं त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आलं. दोन दिवस ती मुलगी आणि बोळकी एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. जाताना यांनी बोळकीला त्यांच्या गाडीत बसवून दिलं. मी शाळेतून आले तेव्हा ती गेली होती.

मी भांडले. हे म्हणाले की ताईची पाठ, तीन मजले, तिला आता कुत्रं झेपणार नाही, आपण तिच्या भल्याचंच केलं, पुढच्या पत्रात समजावून सांगतो. मग त्या पत्रात बगळा आला. मी वाचलं आणि पाकीट चिकटवून दिलं. खोटं बोलणाऱ्या पोराला मी वर्गात बाकावर उभं करते, आणि घरात तोंडातून ब्र काढला नाही. पापात माझाही वाटा आहे. खुंटी पहारेकऱ्याच्या कुत्र्याला चघळायला दिली होती. घोरणारे गृहस्थ कुणी आलेच नव्हते.

पाहुण्यांच्या वहीत त्या लोकांचा पत्ता आहे, तो मागे लिहिला आहे. माझ्याकडून आता एवढंच होण्यासारखं आहे. तुमच्या मनातून पूर्ण उतरले नसेन तर माझ्यापुरती दोन अक्षरं लिहा.

तुमची
मास्तरीण

ता. २२ जानेवारी

धाकट्यास,

मी जाऊन आले. पाठीला पट्टा बांधला, शेजारीणबाईंना बरोबर घेतलं आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

दार त्या मुलीच्या आईनं उघडलं. मी म्हटलं की तळ्याकाठच्या तंबूवाल्यांची मी बहीण. बाईंचा चेहरा एकदम उतरला. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुमच्या बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं, ऑपरेशनमध्येच गेल्या ना बिचाऱ्या. मी विचारलं, कोणती बहीण. त्या म्हणाल्या, ज्यांची ही कुत्री होती त्या. तेव्हा मी सांगितलं की त्याला बहीण एकच आहे, आणि ती तुमच्या दारात उभी आहे.

वीस-बावीस नोव्हेंबरला मी पालथी पडून होते, पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून पीत होते. आणि तू तेवढ्यात मला पोचवून मोकळा झालास. कुत्रं दिलंस हे एक वेळ मी गिळलं असतं. वैतागलास, चुकलास, माणूस आहेस. पण मला मारायला तुझी जीभ कशी वळली? कुणी परत मागायला येऊ नये म्हणून? आणि मग चार दिवसांनी त्याच हातानं मला लिहिलंस की डॉक्टरांचं ऐक.

आतून बोळकी आली. तिनं मला ओळखलं. कसं ते तुला सांगणार नाही, ते माझं आहे.

ती माणसं भली आहेत. बाईंना तोंड कुठे लपवू असं झालं, खरं तर लपवायचं कुणी! त्यांनी मी न मागता तिचा पट्टा माझ्या हातात दिला. मुलगी रडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं की तुम्ही मेला नव्हतात, तर काका तसं का म्हणाले. आणि मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, काकांचा गैरसमज झाला होता गं. फुटलेल्या काचांपासून नापास झालेल्या परीक्षांपर्यंत जन्मभर तुझ्यावर पांघरूण घालत आले, तसंच तोंडातून निघून गेलं. गाडीत बसल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली. आठ वर्षांच्या पोरीशी मी तुझ्यासाठी खोटं बोलले.

बोळकी आता या खोलीत माझ्यापाशी आहे. शेजारीणबाईंकडचा मुक्काम वाढवून घेतला आहे, तिसऱ्या मजल्याचं पुढे बघू. मुलगी दर रविवारी तिला भेटायला येणार, असं ठरलं. तिला खरं काय ते कळलं पाहिजे, आणि ते मी सांगणार नाही. तू लिही. पत्र लिहिण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, याचा दोन महिने चांगलाच अनुभव घेतला. या वेळी बगळा नको, खार नको.

कडेचा तंबू दुसऱ्या कुणाला दे. शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही. आशीर्वाद परत घेता येत नाहीत, म्हणून ते आहेत असं समज.

ताई

ता. ६ फेब्रुवारी

चि. छोट्या मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

मी तंबूवाला काका. आज तळ्यावर खूप धुकं होतं आणि त्यातून एक, जाऊ दे, ते लिहायचं नाही असं ठरलं आहे.

नोव्हेंबरात मी तुझ्या आईबाबांना सांगितलं की माझी बहीण वारली. ते खोटं होतं. माझा गैरसमज झाला नव्हता. ताई तुला तसं म्हणाली ती मला वाचवायला. ती जिवंत आहे हे मला माहीत होतं. ऑपरेशन छान झालं असं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं आणि मी ते खिशात घालून तुमच्याशी बोलत होतो.

तू का म्हणून विचारलंस. तुझे बाबा मला म्हणाले होते की कुत्री कुणाची असेल तर आम्ही नेणार नाही. खरं सांगितलं असतं तर ती माझ्याकडेच राहिली असती, आणि मला ती नको होती. घरात सगळ्यांना मी म्हणालो की ताईच्या पाठीसाठी केलं. पाठीसाठी नाही, आणि तुझ्यासाठीही नाही. ती सारखी रडायची आणि माझे तंबू फाडायची. ताईला तसं स्पष्ट कळवायचा मला धीर झाला नाही, म्हणून तिला पत्रं लिहीत राहिलो. ती पत्रं वाचून ती चालायला शिकली, हे मला आता कळलं आहे. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही. मोठ्यांनाही सगळं समजत नाही.

तुझी बोळकी माझ्यामुळे गेली. तू माझ्यावर चिडलीस तर बरोबरच आहे.

रविवारी ताईकडे जाशील तेव्हा हे पत्र बरोबर ने आणि तिला मोठ्यानं वाचून दाखव. माझी पत्रं ती आता न उघडता परत पाठवते.

तंबूवाला काका