सुलट्या नावाचा ठसा

मी, हरिहर सखाराम नेवरेकर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लाकडी ठसे कोरणे, राहणार टेंभी नाका, ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल माझा धाकटा भाऊ त्र्यंबक, राहणार कल्याण, शंका काढणार आहे, म्हणून तिचा निकाल आधी लावतो.

छापायच्या ठशावर सारे उलटे कोरावे लागते, तेव्हा कागदावर सुलटे उमटते. जन्मभर मी तेच केले. पत्नी गोदूबाई हिची दृष्टी काचबिंदूने गेली, त्यानंतर आरशापुढे बसून मी माझाच चेहरा शिसवीत कोरला. छाप उत्तम आला, पण तो तिला काय कामाचा? ठसाच हाती दिला. तिने चाचपला आणि म्हणाली, "अहो, हे तुम्ही नव्हे. व्रण भलत्याच भुवईवर आहे."

म्हणून दुसरा ठसा कोरला. समोर बसून माझ्या तोंडावरून हात फिरवणाऱ्याला लागेल तसा चेहरा, आणि खाली नावही सुलटे. त्र्यंबकाने मला न विचारता त्याला शाई फासली, छाप काढला आणि उलटे नाव पाहून आळीभर सांगत सुटला, "दादाचं डोकं फिरलं! जन्म ठसे कोरण्यात गेला अन् उलटं कोरायचंच विसरला!" आणि हा म्हणे चित्रकलेचा मास्तर. मी वेडा ठरलो की हा कागद रद्द, मग घर एकत्र कुटुंबाचे म्हणून भांडायला तो मोकळा. आंधळ्या बाईने या वयात कोणाच्या दारात उभे राहावे?

१. टेंभी नाक्यावरील दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. त्या गोदूबाईस पूर्ण मालकीने.

२. सर्व कोरण्या व पहिला ठसा त्र्यंबकाची मुलगी हेमा हिला. तिचा हात स्थिर आहे, बापावर गेलेला नाही. तिने हवे तितके छाप काढावेत.

३. त्र्यंबकास माझा आरसा. त्यात त्याने एकदा नीट पाहावे.

४. दुसरा ठसा गोदूबाईचा. त्याला पुन्हा शाई लावू नये. देवघरात मांडून हळदकुंकू वाहू नये, रेषा बुजतात. तो तिच्या हाताशी ठेवावा. बोटांनी झिजेल, झिजू द्यावा. पहिल्यांदा त्याच्या भुवईवरून बोट फिरवून ती म्हणाली, "आलात?" मी शेजारीच बसलो होतो. माझ्यामागेही ती विचारील. तेव्हा कोणी तिची समजूत घालू नये.

हा मजकूर माझ्या हातचा असून खालील दोघांदेखत सही केली.

हरिहर सखाराम नेवरेकर

साक्षीदार :
डॉ. प्रभाकर वामन रेगे (मी आज यांना तपासले. शुद्धीबद्दल शंका नाही.)
धोंडीबा रामजी कदम, छापखाना कामगार

ठाणे, ता. ११ नोव्हेंबर १९५३