पुलाजवळचा डबा

ठमे,

चहा थर्मासमध्ये आहे. मी तुझ्या आईचा डबा परत ठेवायला पुलाकडे जातोय. फोनमधल्या खुणेवरून लपवलेले डबे शोधायच्या त्या खेळासाठी तिने दगडाआड ठेवलेला डबा मी परवा तिची वस्तू म्हणून घरी आणला. आज तिच्या फोनवर त्या खेळातल्या मंडळींचा निरोप आला, "ताई, डबा सापडत नाही. पोरं हिरमुसून परत गेली." ती गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही का? मी काय उत्तर देऊ? डबा तिचा, पण घरात ठेवायचा नाही, हे काय गणित आहे?

नेमका कुठला दगड, तेही आता आठवेना. फोनमधला बाण एकदा पुलाकडे वळतो, एकदा न्हाव्याच्या दुकानाकडे. तरी शोधतो.

डब्यात तिच्या हिरव्या स्वेटरचं बटण निघालं. ते मला हवंय. पण त्यांचा नियम आहे, एक वस्तू घेतली की एक ठेवायची. बटणाच्या बदल्यात काय ठेवावं, सुचेना. शेवटी मनगटावरचं घड्याळ ठेवतोय. तेव्हा यायला उशीर झाला तर ओरडू नकोस.

बाबा