विजेची सॉना

यार्मो,

तू दिलेलं घड्याळ मी काढून ठेवलंय. कॉफीबरोबर बन खायला बसले की ते मनगटावर थरथरतं आणि उठून चालायला सांगतं. माझ्याच घरात मला हुकूम सोडतं.

परवा दवाखान्यातली नर्स म्हणाली, "हिल्क्काबाई, साखर वाढलीय, वजनही. हालचाल कमी झाली का?"

"माझ्या मुलाला विचारा," मी म्हटलं. तिला हसू आलं. मला नाही आलं.

दर शनिवारी वाफ घ्यायला सॉना तापवायची म्हणजे लाकडं फोडायची, चूल पेटवायची, तळ्यावरून पाण्याच्या बादल्या घेऊन चढ चढायचा. तुझे बाबा गेले त्या आठवड्यातही मी ते चुकवलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तू आलास, "आई, या वयात कशाला गं हे कष्ट" म्हणालास आणि मला न विचारता चूल काढून विजेची शेगडी बसवलीस, पाण्याचा नळही आत आणलास. सगळ्या गावाने तुझं कौतुक केलं. आता मी बटण दाबते, आणि खोली तापेपर्यंत बन खात बसते. वर तूच फोनवर तोंड वर करून सांगतोस, "आई, जरा हालत जा."

तू माळ्यावर लपवलेली कुऱ्हाड मला सापडली. शेजारच्या वेइक्कोने काल जुनी चूल परत बसवून दिली. आज तीच पेटवायला हे पत्र वापरणार आहे. तुला फोनवर एवढंच सांगेन, शनिवारी वाफेला ये.

बादल्यांना मात्र हात लावशील तर बघ.

तुझी आई