टाऊच्या बाजूने

१७ जून
गणित मंडळाच्या अध्यक्ष सरांचा फोन. ही गेल्यापासून सर माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात, जणू आजारी मीच आहे. म्हणाले, यंदा बावीस जुलैला वाद नको. दोन मिनिटं शांत उभं राहू, चहा घेऊ, घरी जाऊ.

बावीस जुलै म्हणजे बावीस सप्तमांश, म्हणजे पाय. त्या दिवशी मंडळात दरवर्षी एकच वाद असतो. वर्तुळाचा खरा स्थिरांक कोणता? सगळं मंडळ पायच्या बाजूने. व्यासाला ३.१४ ने गुणा, परीघ मिळाला, विषय संपला. टाऊच्या बाजूने ही एकटी. हिचं म्हणणं, वर्तुळ काढतात त्रिज्येने. कंपासला व्यास माहीतसुद्धा नसतो. तेव्हा त्रिज्येला ज्याने गुणायचं तो ६.२८ खरा, त्याचं नाव टाऊ, आणि पाय म्हणजे त्याचा निम्मा तुकडा. शेवटी हात वर करून मतदान. दरवर्षी ही हरायची.

सरांना म्हणालो, ती स्वतः कधी दोन मिनिटं गप्प बसली नाही, तिच्यासाठी तुम्ही कशाला उभे राहता? वाद होईल. टाऊच्या बाजूने मी बोलेन.
सर म्हणाले, तुम्ही? बोलणार?

नोंद: हे मी भावनेच्या भरात केलेलं नाही. मुद्दा पटला म्हणून केलं आहे.

१८ जून
मुलीला सांगितलं. म्हणाली, बाबा, जन्मभर आईशी पायवरून भांडलात आणि आता पक्ष बदलला? म्हणालो, पक्ष नाही, पुरावा. तिने विचारलं, कुठला नवा पुरावा आला? मला कारखान्यात जायला उशीर होत होता.

निश्चय. रोज अर्धा तास वाचन. वीस मिनिटांचं भाषण, तोंडपाठ. यंदा टाऊ जिंकणार. मंडळात तिचं नाव हरणारी म्हणून राहिलेलं मला चालणार नाही.

२० जून
वाचन झालं नाही. पाहुणे. हल्ली पाहुणे येतात, बसतात, पंख्याकडे बघतात. एक चुलत मेहुणे म्हणाले, कशात तरी मन गुंतवा. म्हणालो, गुंतवलंय, टाऊमध्ये. त्यांना वाटलं कुठलीतरी योजना आहे. व्याज किती विचारत होते.

२३ जून
नुसतं बोलून उपयोग नाही, आचरणात हवं. सुरुवात कारखान्यापासून.

आमच्याकडे पत्र्याचे ड्रम होतात. ड्रमभोवती पट्टा बसतो. पट्ट्याची लांबी काढायची रीत सोपी आहे: व्यास गुणिले ३.१४, वर सांध्यासाठी चार बोटं जास्त. भिंतीवरचा तक्ता माझ्याच हातचा, मी नोकरीला लागलो तेव्हाचा. आज तो मी स्वतः उतरवला. नवा लावला: त्रिज्या गुणिले ६.२८.

फोरमन तक्त्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, साहेब, त्रिज्या मोजायची कुठून? ड्रमच्या मधोमध लोखंड नाही, हवा आहे. टेपचं टोक धरू कशाला? म्हणालो, व्यास मोज आणि निम्मा कर. म्हणाला, मग ६.२८ ने गुणू? म्हणजे निम्मं केलेलं परत दुप्पट? म्हणालो, हो. म्हणाला, मग आधी निम्मं कशाला केलं?

अडाण्यासारखा प्रश्न. मात्र घरी हाच मुद्दा मी मांडायचो तेव्हा तो अडाणी नव्हता, कारण मी तो नीट मांडायचो. ती काय उत्तर द्यायची ते आठवत नाही. काहीतरी खणखणीत द्यायची. मला आठवतं ते एवढंच की त्यानंतर भाजी करपायची.

२६ जून
दुसऱ्या पाळीने सवयीप्रमाणे व्यास मोजला आणि नव्या तक्त्याप्रमाणे ६.२८ ने गुणला. सगळे पट्टे दुप्पट आले.

फोरमनने बोलावून दाखवलं. एक पट्टा ड्रमभोवती दोनदा गुंडाळला आणि म्हणाला, साहेब, थंडीचे दिवस आले वाटतं. सगळे हसले. मी हललो नाही. म्हणालो, दुप्पट आलेत म्हणजे एकात दोन झाले. मधून कापा. नुकसान शून्य.

२७ जून
कापले. सांध्याची चार बोटं दोघांत मिळून एकदाच धरली होती. वाटून दोन-दोन आली. सांधा बसेना. सगळे पट्टे भंगारात.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि म्हणाले, थोडे दिवस सुट्टी घ्या, घरात असं झाल्यावर लक्ष लागत नाही माणसाचं. मी सांगितलं, लक्ष पूर्ण होतं. चूक रीतीची नाही, अंमलबजावणीची आहे. ते मान हलवत राहिले. हल्ली सगळे माझ्याकडे बघून मान हलवतात.

संध्याकाळी जुना तक्ता परत लागला. हा तात्पुरता आहे.

४ जुलै
भाषण. पहिलं वाक्य झालं: "अध्यक्ष महाराज आणि सभासदहो."

सरावाला विरोधक हवा. मुलीला म्हणालो, तू पायची बाजू घे. घेतली. दुसऱ्या मिनिटाला म्हणाली, बाबा, मला टाऊच पटतो, मी आईची मुलगी आहे. मग कसला सराव?

१० जुलै
दोन्ही बाजू स्वतःच लढवून पाहिल्या. गोदामात, ड्रमांच्या रांगेत. तिथे आवाज चांगला घुमतो. पाय तीन वेळा जिंकला.

कारण उघड आहे. पायचे मुद्दे मला झोपेतून उठवलं तरी येतात. टाऊचे मी तिच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेत, पण तेव्हा मी ऐकत नव्हतो, पुढचं उत्तर जुळवत होतो. आता आठवून बघतो तर तिचा हात आठवतो, हवेत पूर्ण गोल फिरणारा. एक चक्कर म्हणजे एक टाऊ, पाव चक्कर म्हणजे पाव टाऊ, यात न कळण्यासारखं काय आहे तुम्हाला, असं म्हणायची. एवढं पाठ आहे. बाकीच्या एकोणीस मिनिटांची सोय करावी लागेल.

चिंतेचं कारण नाही. बारा दिवस आहेत.

१५ जुलै
सर्दी. भाषण नाही.

१९ जुलै
मुलगी म्हणाली, बाबा, नाही जमलं तर मी बोलते. म्हणालो, जमेल. म्हणाली, तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा माइकवर फक्त "जेवून जा" एवढंच म्हणाला होतात. म्हणालो, आणि सगळे जेवून गेले की नाही? मुद्दा पोचल्याशी कारण.

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. भाषणाची जमेची बाजू म्हणून नोंदवतो.

२१ जुलै
इस्त्रीचा शर्ट तयार. भाषण जवळजवळ तयार. मुद्दा खरा असेल तर शब्द आपोआप सुचतात. उद्या त्यांना दाखवतो.

२२ जुलै, रात्री
जे झालं ते लिहितो.

हॉल भरलेला. एरवी इतके कधीच येत नाहीत. उभा राहिलो. अध्यक्ष महाराज आणि सभासदहो, म्हणालो. हात गोल फिरवून एक चक्कर म्हणजे एक टाऊ, असं म्हणालो. पुढचं काही सुचेना. तरी टाळ्या पडल्या. एवढ्यावर टाळ्या!

पायच्या बाजूने सर उठले. म्हणाले, यांचं बरोबर आहे. आणि बसले. हिला त्यांनी उभ्या जन्मात कधी बरोबर म्हटलं नाही. एकदा ही तापात आली होती, तरी क्षेत्रफळाच्या सूत्रावरून त्यांनी तिला पाऊण तास उभं ठेवलं होतं. आणि मला दोन वाक्यांत बरोबर! मी म्हणालो, सर, नीट विरोध करा. क्षेत्रफळ विचारा मला. टाऊ घेतला की सूत्रात उगाच एक अर्धा येतो, तो विचारा. सर म्हणाले, असू दे, भाऊ. असू दे? मग मीच विचारलं. तो अर्धा कशाला हवा? पोकळ ड्रमची त्रिज्या मोजून दाखवा. टेप धरायची कशाला, हवेला? व्यास हाताला लागतो, त्रिज्या लागत नाही. शब्द आपोआप सुचत होते. माझी वीस मिनिटं पूर्ण झाली. पुढच्या रांगेत मुलगी डोळे पुसत होती. हसत होती की काय ते दिसलं नाही.

मतदान. टाऊच्या बाजूने? सगळा हॉल. सरसुद्धा. हिला एवढे हात एका वेळी दिसले असते तर तिने आधी म्हटलं असतं, कोणाला तरी काहीतरी झालंय.

सर म्हणाले, उपचार म्हणून विचारतो. पायच्या बाजूने?

माझा हात वर गेला. दरवर्षी शेवटच्या रांगेतून जायचा, तसाच. ही स्टेजवरून तेवढाच एक हात शोधायची आणि डोळ्यांनी म्हणायची, घरी चला, मग बघते. सर घाबरून म्हणाले, भाऊ, तुम्ही तर टाऊचे वक्ते. म्हणालो, माहीत आहे. मोजा. हात खाली घेतला नाही. का घ्यावा? पायला एक तरी मत पाहिजे. एकमताने जिंकायला ती काय मेलेली

हे वाक्य नीट झालेलं नाही. राहू दे.

मंडळाच्या इतिहासात टाऊ पहिल्यांदा जिंकला, एका मताच्या विरोधात. ठरवलं होतं तसंच झालं.

मुलगी सोडायला येत होती, नको म्हणालो. चालत आलो. कुलूप उघडलं, दिवा लावला, चपला काढता काढता दरवर्षीसारखं म्हणालो, हरलीस ना परत?

मग लक्षात आलं, यंदा जिंकली आहे.