स्टेफीच्या न्हाणाचं पाणी

९ फेब्रुवारी, रविवार

बंद! झाला एकदाचा बंद!

आमच्या सोसायटीच्या सेप्टिक टँकचा तो पाइप — कित्येक वर्षं गुपचूप एस्थरच्या बावखळात तोंड खुपसून बसलेला — त्याच्या तोंडात आज सिमेंट कोंबलं. मी स्वतः उभी होते, कमरेवर हात ठेवून. चेअरमन म्हणाले, "सुरुची मॅडम, आता तरी मीटिंगमध्ये आवाज खाली ठेवाल ना?" मी म्हटलं, बघू.

विलास म्हणतो, "बायको, दिवसभर सातिवलीला डाइंगवाल्यांचं सांडपाणी साफ करतेस, घरी येऊन परत तेच! दुसरा छंद नाही तुला?" नाही. नंदाखालला फ्लॅट घेतला तो बाल्कनीखाली तीन बावखळं दिसतात म्हणून. वाड्यांना पाणी द्यायला जुन्या लोकांनी खणलेली तळी, एकाला एक लागून. अलीकडचं एस्थरचं, मधलं तिच्या दिराचं, रॉबर्टचं, पलीकडचं फर्डिनंडचं. आता बाल्कनीचं दार उघडायची सोय नाही, असला वास. आणि आळीत जो तो सांगतो की रॉबर्ट मधल्यात भराव टाकून जागा विकणार. मधलं गेलं की कडेची दोन्ही गेलीच, हे कळायला डिग्री लागत नाही.

नाही जाऊ देणार. लिहून ठेवते इथे.

१६ फेब्रुवारी, रविवार

जलपर्णी काढली. म्हणजे आळीने काढली, मी ओरडले. पण उतरलेही होते हं, गुडघाभर! सलवार फेकून द्यावी लागली.

दुपारी एस्थरकडे जेवले. तिच्या स्टेफीचं लग्न ठरलंय, ईस्टरनंतर, चार मेला. एस्थरचे डोळे भरले. नवरा असता तर, वगैरे. मग म्हणाली, "माझ्या लग्नात न्हायला पानी बावखळातून वाजतगाजत आनलेलं. स्टेफीला काय, टँकरचं घालू?"

त्यांच्यात ती रीत आहे. आदल्या दिवशी बँड लावून पाणी आणायला जायचं, त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. हल्ली लोक नळाखाली कळशी धरतात आणि फोटो काढतात.

मी ताटावरूनच सांगून टाकलं, "स्टेफी बावखळाच्या पाण्यानेच न्हाणार. माझा शब्द."

विलास रात्री म्हणाला, "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला." म्हणू दे.

१९ फेब्रुवारी

रॉबर्टला विचारायला गेले. गाळ काढायला जेसीबी येतोय, तुमचंही काढून घेऊ. ओटीवर बसला होता, मान वर केली नाही. "माझ्याकडे मशिन नको." का नको? "नको म्हनलं ना." शिंपल्यासारखा मिटलेला माणूस! विकायचंय ना, मग साफ कशाला करेल. कळतंय सगळं.

२ मार्च, रविवार

जेसीबी आला! काय तमाशा!

आधी एस्थरचं घेतलं. काळा, गिळगिळीत गाळ, त्यात चपला, बाटल्या, एक अख्खा टीव्ही. खाली पिवळी चिकणमाती लागली तसा ड्रायव्हर थांबला. तेवढ्यात फर्डिनंड कठड्यावरून, "एवढंच? माझं तर मी पुरुषभर खोल घेनार!" झालं. एस्थरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दीर नाय आला मदतीला म्हनून माझं उथळ काय? घे रे अजून!" मग फर्डिनंडच्यात अजून. मग परत एस्थरच्यात. दोघांच्या वाडवडिलांपासूनची चढाओढ आहे ही. केळी कोणाची उंच, क्रूस कोणाचा मोठा, आता बावखळ कोणाचं खोल.

आणि मी? मीही ओरडत होते, "घ्या, घ्या, पाणी जास्त साठेल!" मजा आली, खोटं कशाला बोला.

रॉबर्ट त्याच्या हद्दीवर उभा होता शेवटपर्यंत. मशिनचा दात त्याच्याकडे वळला की हात आडवा करायचा.

३ मार्च

अंग ठेचून निघालंय. फार खूश आहे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवडीची सुट्टी. रंग नाही, काही नाही, सकाळपासून काठावर.

काचेसारखं पाणी! एस्थरच्यात टाकलेलं नाणं तळाशी दिसतं. फर्डिनंडच्यात पण. झऱ्यांनी किती लवकर भरलं! पाण्यातला प्राणवायू मोजला, उत्तम. वास नाही. आगाशीहून लोक बघायला आले. फर्डिनंडने सगळ्या ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला, जणू त्यानेच देवाच्या मदतीशिवाय पाणी निर्माण केलं. आणि मधलं रॉबर्टचं तसंच हिरवंगार, शेवाळलेलं. दोन नव्या ताटांमध्ये एक खरकटं! दिसू दे त्याला. शहाण्याला शब्दाचा मार, याला शेजाऱ्याच्या पाण्याचा.

२३ मार्च, रविवार

एस्थरने हाक मारली. चेहरा उतरलेला. "सुरुचीताय, जरा वाडीत ये."

केळीच्या पानांच्या कडा करपल्यात. अळू मान टाकून बसलाय. "नव्या पान्यावर मोटर लावली तेव्हापासून असं होतंय."

मी ओंजळ भरली आणि तोंडात घेतली.

खारं.

खारं! फर्डिनंडचं त्याहून खारं! समुद्र इथून किती लांब, चालत जाऊ इतका. खाली सगळं खारंच आहे आणि त्याला अडवून धरणारा चिकणमातीचा थर आम्ही चढाओढीने फोडून टाकला. आणि पाणी स्वच्छ का दिसत होतं? मिठामुळे! मीठ पडलं की गढूळपणा खाली बसतो. मी, मी जी रोज कारखान्यात क्षार टाकून गाळ खाली बसवते, त्या मला हे कळू नये? प्राणवायू मोजला, वास घेतला, फोटोला हसले, आणि मीठ मोजलं नाही. कारण कारखान्याच्या पाण्यात मीठ असतंच, ते कोणी बघतच नाही.

घरी येऊन भांडी आपटली. विलासने ती उचलून ठेवली. त्याचाही राग आला.

२४ मार्च

कारखान्यातून मीटर आणला. तिन्ही मोजली. एस्थरचं खारं, फर्डिनंडचं खारं. रॉबर्टचं गोडं! घाण आहे, हिरवं आहे, पण गोडं! त्याचा तळ शाबूत आहे ना.

फर्डिनंड चारचौघांत म्हणाला, "तुमीच बोललात ना, घ्या, घ्या?" बोलले होते. तसंच सांगितलं त्याला, बोलले होते, चुकले, आता निस्तरते. भांडायला तयार होऊन आला होता बिचारा.

उपाय सरळ आहे. दोन्हींचा तळ परत चिकणमातीने चोपून बंद करायचा, पाऊस पडला की वरून गोडं पाणी साठेल. पण चिकणमाती आणायची कुठून? चांदीप गावात विचारलं, शेतातली देतो म्हणाले. हातात घेऊन बघितली, निम्मी रेती. ती कसली पाणी धरते!

राहू दे. आधी लग्न.

२६ मार्च

एस्थरने एक गोष्ट सांगितली आणि माझं डोकं असं चालायला लागलं!

"नवरी न्हाली ते पानी आमच्यात बुजवत नाय कोन. बुजवलं तर तिचा संसार बुजतो म्हनतात."

म्हणजे बघा — स्टेफी रॉबर्टच्या बावखळाच्या पाण्याने न्हाली, की मग टाक म्हणावं भराव! सख्ख्या पुतणीच्या संसारावर कोण माती टाकेल? एका दगडात दोन पक्षी. एस्थरला नाही सांगितलं. भोळी आहे, बोलून जाईल.

संध्याकाळी गेले त्याच्याकडे. भांडायच्या तयारीने. म्हटलं, "तुमचं बावखळ साफ करायचंय. स्टेफीच्या न्हाणाला." तो उठून त्या हिरव्या पाण्यापाशी जाऊन आला. मग, "मशिन नको. हाताने करा. मी पन येतो."

इतकंच! मी तोंडात आलेले सगळे मुद्दे गिळून परत आले. गळाला लागला!

६ एप्रिल, रविवार

शेवाळ काढतोय. जाळीने, टोपल्यांनी, हाताने. तळाला पाय लावायचा नाही असा माझा हुकूम. रॉबर्टने केळीच्या खांबांचा तराफा करून दिला, त्यावर पालथं पडून काम चालतं. आमच्या गटाराची एक बारीक धार इकडेही येत होती, ती वळवली, घाण शोषायला तोंडाशी कर्दळ लावली. कारखान्याच्या भंगारात पडलेला हवेचा पंप मालकांकडून मागून आणला, तो आता बुडबुडे सोडतोय.

रॉबर्टचा उपास चालू आहे, ईस्टरपर्यंत. तरी सर्वांत आधी तो पाण्यात आणि सर्वांत शेवटी बाहेर. काठावरच्या एकेका दगडाला हात लावून बसतो. आज सांगत होता, त्याला पोहायला भावाने शिकवलं ते इथेच — स्टेफीच्या बापाने. कमरेला सुका नारळ बांधून ढकलून दिलं होतं. बोलताना हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं.

उगाच शिव्या घातल्या का मी याला? पण भराव टाकणार होता ना! मग बरोबरच घातल्या.

१३ एप्रिल

तळ दिसायला लागला! थोडा. खरा.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. एस्थरकडून आमच्याकडे ताट आलं, रॉबर्टकडूनही आलं. विलास म्हणाला, "तुझ्या शत्रूच्या हाताला काय चव आहे!" शत्रू नाही, म्हटलं. आधी होता.

२७ एप्रिल, रविवार

प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. आंघोळीला योग्य! गोडं, जंतू मर्यादेत, सगळं चोख. पेढे वाटले असते, पण एस्थर म्हणाली लग्नाचं गोड खा आधी. म्हणून तिला मिठी मारली.

फर्डिनंड विचारत होता, त्याचा तळ कधी बंद करणार. पावसाच्या आत करते म्हटलं. चिकणमाती मिळेल कुठूनतरी. मला मिळत नाही असं काय असतं?

३ मे, शनिवार

आणलं पाणी!

पुढे बँड, मागे सगळी आळी, लाल लुगडी नेसलेल्या बाया, गाणी, नाच. विलास नाचला! ज्या माणसाला आमच्या स्वतःच्या वरातीत ढकलावं लागलं होतं, तो! एस्थरने मला हाताला धरून पुढे घेतलं. "हिच्यामुळे पानी आलं," सगळ्यांना सांगत होती. माझं काय, मी आधीच फुगलेली.

पहिली कळशी बापाने भरायची. बाप नाही, म्हणून काकाने. रॉबर्ट चपला काढून पायऱ्या उतरला. कळशी बुडवली, भरली, आणि उठेचना. मला वाटलं गुडघे धरले. बँडवाले थांबले. मग स्टेफी खाली उतरली, त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "काका, चला ना." तेव्हा उठला.

एस्थरने अंगणात तिला न्हाऊ घातलं. हसत होती पोरगी, पाणी गार आहे म्हणून ओरडत होती. मी लांबून रॉबर्टकडे बघितलं. मनात म्हटलं, आता टाक भराव! जिंकले!

५ मे, सोमवार

सकाळी रॉबर्ट आला. आत आला नाही, दारातच. मधलं बावखळ त्याने जानेवारीतच विकलंय. सह्यासकट. मी पाइप बुजवला त्याच्याही आधी. जेसीबी येऊ दिला नाही तो म्हणूनच — "दुसऱ्याची वस्तू झाली ना, तिला मशिन कसं लावू देनार?" म्हणून त्याचा तळ शाबूत राहिला. म्हणून पाणी गोडं राहिलं. मी म्हटलं, नवरी न्हालेलं पाणी? तो म्हणाला, "तेच्यासाठीच आलोय. भराव महिन्याअखेर पडनार, नव्या मालकाशी बोललोय, तोवर थांबतो. तळाची सगळी चिकनमाती काढून घ्या. पानी मोटरने एस्थरकडे सोडा. निम्मी माती तिच्याकडे लावा, निम्मी फर्डिनंडकडे. मंजे बुजलं असं नाय होनार. सरकलं असं होईल."

मी भांडायला तोंड उघडलं आणि रडलेच.

जेसीबीवाल्याला फोन केलाय. उद्या येतोय. रॉबर्ट म्हणाला, या वेळी मशिनला 'ये' म्हणून हात करायला तोच उभा राहील.